गावच्या लाईटीचा हिशोब कसा लावायचा: वही, ड्रम आणि मोबाईलचं घड्याळ

भाच्याला कॉलेजात पर्यावरणाचा प्रोजेक्ट होता, उद्योग, ऊर्जा आणि समाज असा काहीतरी विषय. पठ्ठ्याने नेटवरून बारा पानं उतरवली आणि पहिल्याच पानावर बर्फातलं अस्वल. म्हणलं बाबा, बीड जिल्ह्यातल्या पोराच्या वहीत अस्वल काहून, तुझ्या बोअरवरची मोटार कुठं गेली? मग दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी बसून गावातच हिशोब लावला. कुणाला करायचा असेल, प्रोजेक्टला नाहीतर सहज, तर कसा करायचा ते लिहितोय.

सुरुवात घरच्या मीटरपासून करा. मीटरवर बारीक अक्षरात ३२०० इम्प असं काही छापलेलं असतं, तुमच्याकडं आकडा वेगळा असेल, आधी तो बघून घ्या. त्याचा अर्थ एवढाच की ती लाल लाईट ३२०० वेळा लुकलुकली की एक युनिट, म्हणजे एक किलोवॅटची वस्तू तासभर चालल्याएवढी लाईट, पडलं. आता घरातलं सगळं बंद करून एकच वस्तू चालू ठेवा, एक मिनिटभर लुकलुक मोजा, ६० ने गुणा आणि ३२०० ने भागा, किलोवॅट आले. मोजताना चुकतं, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. आमच्या जुन्या पंख्याला मिनिटात ४ आले, म्हणजे ७५ वॅट, आणि पाणी तापवायच्या रॉडला ८०, म्हणजे दीड किलोवॅट. आई उभी राहून बघत होती, म्हणाली मग पोरगं अर्धा तास रॉड लावून झोपतं ते वीस पंख्यांचं बिल म्हणायचं की.

आता हे युनिट मागं मागं न्यायचं. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट बनवायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जातो, त्यात ३० ते ४० टक्के राखच, म्हणजे युनिटमागं पाव किलोच्या आसपास राख, किलोभर कार्बन डायऑक्साइड, वर कुलिंग टॉवरमधनं वाफ होऊन जाणारं तीनेक लिटर पाणी. जुन्या केंद्रांना सरकारने २०१५ मध्ये घालून दिलेली मर्यादाच युनिटला साडेतीन लिटरची आहे. पण एक चूक सगळे करतात, हा आकडा सगळ्या युनिटांना लावून टाकतात. तारेतून येणाऱ्या लाईटीत पाण्याची, वाऱ्याची, उन्हाची सगळी मिसळलेली असते, देशाचा हिशोब धरला तर साधारण चारातली तीन युनिटं कोळशाची, तेवढ्यालाच लावा.

पाण्याचा रकाना वहीत वेगळा ठेवा, आपल्याकडं तोच महत्त्वाचा. २०१३ च्या दुष्काळात पाणी नव्हतं म्हणून परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं, २०१५ ला परत तेच. कोळसा होता, माणसं होती, पाणी नव्हतं. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं तेव्हा पहिल्या खेपेला १० वॅगन, ५ लाख लिटर, ओढणारं इंजिन डिझेलचं. इकडं लाईट करायला पाणी पाहिजे, तिकडं पाणी आणायला डिझेल.

राखेचंही लिहा. राखेच्या गाड्या जातात त्या रस्त्यावरच्या गावात दोरीवरचा पांढरा शर्ट झटकला की कळतं. पण त्याच राखेच्या विटा होतात, सिमेंटमध्ये जाते, त्यावर कैक घरं चालतात, तेव्हा दोन्ही बाजू मांडा, नुसतं प्रदूषण प्रदूषण करू नका.

आता खरं काम, मोटार. शेतीपंपाला चालू मीटर बहुतेक ठिकाणी नसतंच, बिल एचपीवर, आणि साडेसात एचपीपर्यंतच्यांना तर २०२४ पासून राज्य सरकारने बिलच माफ केलंय, त्यामुळं किती युनिट जळतंय हे शेतकऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून ड्रम. २०० लिटरचा ड्रम पाईपाच्या तोंडाखाली ठेवा, भरायला किती सेकंद लागले ते बघा. दाजींच्या चारशे फूट बोअरवर पाच एचपीची मोटार आहे, ड्रम भरायला १४० सेकंद लागले, म्हणजे तासाला ५१०० लिटरच्या आसपास. पाच एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट, पण रिवाइंडिंग केलेली मोटार जास्त ओढती, साडेचार धरा. म्हणजे एका युनिटला साधारण ११०० लिटर पाणी. आता हेच पाणी चाळीस फूट विहिरीतून उपसलं तर एका युनिटला दहा-बारा हजार लिटर निघायला पाहिजे. खोली दहापट, लाईट दहापट. दाजी गप्पच झाले. त्यांच्या वडिलांच्या विहिरीला चाळीस फुटांवर पाणी होतं म्हणे, आता ती विहीर कोरडी आहे आणि तिच्यातच बाभळ उगवलीय. हे एकच पान नीट केलं तरी प्रोजेक्ट झाला समजा.

हे करताना स्टार्टर उघडायचा नाही, डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, हात लावायचा नाही, ड्रमजवळ ओल्या मातीत चप्पल घालूनच उभं राहायचं. डीपीवरची पाटी लांबूनच वाचा. १०० केव्हीएच्या डीपीला पाच एचपीच्या साधारण १८ मोटारी झेपतात, आम्ही शेताशेतात विचारत फिरलो तर २६ निघाल्या, आकडेवाले धरले नाहीत कारण कुणी कबूलच करत नाही. मग डीपी जळते, वर्गणी निघते, आणि वर्गणी द्यायला पैसे नसलेल्याचा हरभरा वाळतो. हे पण लिहा, कोण किती देतं, कुणाला रात्रीची पाळी येते, रात्री दोन वाजता दारं धरायला कोण जातं. कपॅसिटर, म्हणजे मोटारीचा डीपीवरचा भार हलका करणारी डबी, किती जणांनी बसवलाय तेही विचारा, आमच्याकडं दोघांनी.

मग म्हाताऱ्या माणसांकडं बसा. घाई करू नका, चहा होऊ द्या. मोट कधी बंद झाली, इंजन कुणी पहिलं आणलं, लाईट कधी आली, पहिली पिठाची चक्की कुणाची. मोट गेली तसं मोट शिवून देणाऱ्या घरांचं काम गेलं, बैल कमी झाले, बैल कमी झाले तसं शेणखत कमी झालं. चक्की आली तशी बायांची पहाट जात्यावरून सुटली, हे आजी एवढ्या खुशीत सांगत होती की भाच्याने लिहायचं सोडून नुसतं ऐकलं.

कारखान्यांचं थोडक्यात. जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्या भंगार वितळवतात, टनाला साधारण ६०० युनिट, म्हणजे सळई म्हणजे घट्ट झालेली लाईटच. साखर कारखाना चिपाडावर वीज करून विकतो, पण तो ऊस तोडणारा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आपल्याच भागातून सहा महिने पालात राहायला जातो. गावात किती कोयते जातात ते मोजा आणि बोअरच्या पानासमोरच लिहा, ज्यांच्या शेतात पाणी नाही तीच घरं निघतात का ते आपोआप दिसतं.

सौरचं विचारतील म्हणून सांगतो. घरावर एक किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट धरा, ते चांगलंच. सौरपंपाने रात्रीचं जागणं सुटतं, राख नाही, पण ऊन फुकट म्हणून मोटार दिवसभर चालू राहिली तर चारशेचा बोअर सहाशेवर जातो. म्हणून सौरपंपवाल्याच्या शेतावर ड्रमबरोबर दिवसाचे तासही लिहून घ्या.

दिवाळीतलं माप हे भरल्या पाण्याचं माप असतं. तोच ड्रम, तोच पाईप घेऊन मे महिन्यात परत जा, आणि पाणी यायचंच बंद झालं असेल तर सेकंदाच्या जागी रेघ मारून तारीख टाका.