मुरमाची खाण बंद पडलीये? थांबा, लगेच बुजवू नका

गावाबाहेरची खाण बंद पडली की ठरलेलंच असतं, कुणीतरी म्हणतं शहरातला राडारोडा आणून बुजवून टाकू, नाहीतर मग 5 जूनला, पर्यावरण दिनी, गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) रोपं लावून फोटो. दोन्ही नको, ही जागा पक्षी, बेडूक आणि गवतासाठी राखता येते. आधी सातबारा काढा, जागा गायरान आहे का खाजगी ते बघा, लेखी परवानगी घ्या आणि एक पावसाळा नुसतं बघा, पाणी कुठे साठतं, किती टिकतं.

पोकलेन फार तर दोन दिवस परवडतं, मग ते झाडांच्या खड्ड्यांवर घालवू नका. तळ डंपर फिरून फिरून इतका दाबलेला असतो की कुदळ टणकन उडते, तो दीड-दोन फूट फोडून घ्या आणि लेव्हल अजिबात करू नका, ढेकळं राहू देत, त्यातच पाणी आणि बी अडकतं. डबक्याची एक कड पसरट उतरती करा, म्हणजे बेडकांना चढता येतं आणि शेळ्याही पाण्यात अडकत नाहीत.

समोरची उभी भिंत मात्र तशीच ठेवा, खरा माल तिथेच आहे! वेडा राघू आणि खंड्या हे पक्षी घरट्यासाठी मुरमात बीळ कोरतात. बिळाच्या तोंडाशी पायांनी घासून पडलेले दोन बारीक चर दिसले की समजायचं, वापर चालू आहे. फेब्रुवारी ते जून, विणीच्या काळात, तिकडे मशीन नको, भिंत ढासळली असेल तर दिवाळीनंतर लगेच थोडी तासून ताजी करा. कातळाच्या कपारीत शृंगी घुबड असेल तर हिवाळ्यातही लांबच राहा, त्याची वीण तेव्हाच असते.

झाडं थोडीच, बोर, हिवर, पळस. गवत जास्त महत्त्वाचं. नोव्हेंबरात जवळच्या बांधावरून पवन्या, मारवेल बियांसकट कापून कोरडं ठेवा आणि वळवानंतर फोडलेल्या तळावर पसरा, पहिली दोन वर्षं चराई बंद (हे गावात पटवणं सगळ्यात अवघड, कापून न्यायची मुभा दिली की जरा जमतं).

डास होतील म्हणून कुणीतरी गप्पी नाहीतर तिलापिया सोडणारच, त्याला अडवा, मासे बेडकांची पिल्लं साफ करतात. मे महिन्यात डबकं आटलं तर उलट बरंच, मासे टिकत नाहीत.

आणि खोल बाजूला पोरं पोहायला जातात, तिथे काटेरी सागरगोट्याचं दाट कुंपण लावा, ते वाढेपर्यंत तारेचं.