हॉप्स लावायचाय? आधी रात्रीच्या दिव्यांचं बघा

दसरा झाला, कपाशीची पहिली वेचणी घरात आली की आपल्याकडे नव्या पिकाचे फोन सुरू होतात. मागे सफेद मुसळी होती, मग चंदन आलं, आता हॉप्स. "बिअरला लागतो, सगळा बाहेरून येतो, एकरी लाखो," असा निरोप मोबाइलवर फिरतो आणि त्याच्याखाली रोपांचा भाव असतो. माझं मत आधीच सांगतो: यंदा एकर लावू नका. हौस असेल तर दहा रोपं लावा, पण नीट लावा.

हॉप्स हा वेल आहे. नर आणि मादी झाडं वेगळी. बिअरला लागतात ती मादी वेलाची कागदासारखी हलकी फुलं. फूल उकलून पाहिलं तर पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी दिसते. कडवटपणा आणि वास दोन्ही तिच्यात. जर्मनीतलं हालरटाऊ, अमेरिकेतलं याकिमा, चेक देशातलं झाटेच हे याचे मोठे मुलूख, सगळे 46 ते 50 अंश अक्षांशावरचे. आपल्या देशात हिमाचलच्या लाहौलमध्ये हॉप्स झालेला आहे, पण ते खोरं समुद्रसपाटीपासून 3000 मीटरवर आहे.

यावरून लोक म्हणतात, आपल्याकडे थंडी नाही म्हणून हॉप्स येत नाही. मीही तेच म्हणायचो. पण 2019 मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधनातून दिसलं की फुलावर यायला या वेलाला हिवाळ्याची गोठवण लागतच नाही. खरी अडचण दिवसाच्या लांबीची. त्या मुलखांत उन्हाळ्यात 15-16 तास उजेड असतो. जळगाव 21 अंशांवर, आपला सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्याही आतला. दिवस लहान दिसला की वेल उंची सोडतो आणि घाईघाईने फुलावर येतो.

माझ्या ओट्यावरच्या कुंडीत हेच झालं. फेब्रुवारीत लावलेला वेल कमरेएवढा झाला, त्याला मोजून चौदा फुलं आली आणि एप्रिलच्या झळांनी पानं करपून गेली. शेजारचा पोरगा विचारत होता, "नाना, हाई काय शे?" काय सांगणार त्याला.

तेव्हा उजेड आपण द्यायचा. शेवंतीवाले पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून कळी लांबवतात, तीच युक्ती. फ्लोरिडा विद्यापीठाने 28 अंशांच्या आसपास दिवे लावून हॉप्स घेऊन दाखवला आहे, ब्राझीलमध्येही असंच करतात. खान्देशासाठी माझा हिशेब असा आहे. रोपं आत्ता, दिवाळीच्या आत लावा. सूर्य मावळल्यापासून रात्री साडेअकरापर्यंत वेलांवर पिवळसर उजेडाचे एलईडी दिवे ठेवा, म्हणजे दिवस साडेसोळा तासांचा होतो. फार झगमगाट नको, वेलाला फक्त अजून रात्र झाली नाही असं वाटायला हवं. संक्रांतीच्या सुमारास वेल आधाराच्या वरच्या तारेला टेकला की दिवे बंद. होळीच्या मागेपुढे फुलं तयार व्हावीत. पुढे मार्चचं ऊन चढतं, म्हणून उशिरा लावणाऱ्याने यंदा लावूच नये.

वीज हा यातला कच्चा दुवा. शेतीच्या लाइनवर भरवसा ठेवलात तर आठवड्यातल्या काही रात्री अंधारात जातील आणि वेल मधेच कळी धरेल. घराजवळच लावा, घरच्या मीटरवर, किंवा सोलर आणि बॅटरी ठेवा.

आपली भारी काळी जमीन याला मानवत नाही. पाणी साचलं की मुळं कुजतात, आणि चुनखडी असेल तर लोह न मिळून पानं पिवळी पडतात. उंच गादीवाफा करा किंवा मोठ्या ग्रो बॅगमध्ये पोयटा, वाळू, शेणखत भरून लावा. ठिबक हवंच. रोप घेताना जातीचं नाव विचारा. कास्केड उष्ण मुलखांतही लावलेली जात आहे. मादी रोपाच्या कलमाचं किंवा टिश्यू कल्चरचंच घ्या. बियाण्याच्या रोपांत नरही निघतात आणि नर जवळ असला की फुलांत बी भरतं, ते बिअर बनवणाऱ्या ब्रुअरीला नको असतं. पाहुण्याच्या बॅगेतून परदेशी कंद आणू नका. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे त्याला आयात परवाना लागतो.

वेलाला आधार पाच मीटर उंच तारेचा, खाली सोडलेली काथ्याची दोरी. नायलॉनची नको. या वेलाला द्राक्षासारख्या बाळ्या (धरून चढायचे तंतू) नसतात, खोडावरच्या खरखरीत केसांनी तो धरून चढतो आणि नायलॉनवरून घसरतो. अमेरिकावालेही श्रीलंकेचा काथ्याच वापरतात. दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून दोरीला गुंडाळा, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. आपल्या बहुतेक वेलींची सवय उलटी असते, त्यामुळे मजूर हमखास उलटा गुंडाळतो आणि सकाळी वेल सुटून खाली लोंबतो. कोरड्या हवेत लाल कोळी येतो, पानांची खालची बाजू दर आठवड्याला बघा. मावा आणि भुरीवरही लक्ष असू द्या.

फूल दाबलं की करकरतं, बोटांना पिवळं चिकट लागतं, टोकं किंचित तपकिरी होतात, तेव्हा तोडा. आणि कृपा करून नंदुरबारच्या मिरचीसारखं पथारीवर उन्हात टाकू नका. उन्हाने वासही जातो, कडवटपणाही. झाकलेल्या ड्रायरमध्ये 50-55 अंशांवर, हवा खेळती ठेवून वाळवा. फुलाच्या मधली काडी वाकली तर ओलं आहे, कट्कन तुटली तर झालं. चार-पाच किलो ओल्याचं एक किलो सुकं होतं. मग हवा काढलेल्या पिशवीत भरून थेट डीप फ्रीजरमध्ये.

आता विक्री. घरी बिअर बनवणारे हौशी हे परदेशातलं गिऱ्हाईक आहे. महाराष्ट्रात विनापरवाना दारू गाळणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, बिअरही त्यात आली, तेव्हा त्या गिऱ्हाइकावर हिशेब मांडू नका. परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीला, म्हणजे छोट्या ब्रुअरीला, 1000 लिटर साध्या लागर बिअरला सुका हॉप्स किलो-दोन किलोच पुरतो आणि तोही अल्फा आम्लाच्या (कडवटपणा देणाऱ्या घटकाच्या) चाचणी अहवालासह, गोळ्यांच्या रूपात मागतात. याकिमात एकरी 800-900 किलो सुका माल निघतो. त्यांच्या भावाशी दहा रोपांवर कोण भांडणार?

आपल्या हाती एकच गोष्ट आहे, ताजेपणा. काही ब्रुअर हिरव्या, न वाळवलेल्या फुलांची बिअर करतात. ती फुलं तोडल्यापासून दिवसभरात कढईत पडावी लागतात. अमेरिकेतून तशी येणं शक्य नाही, पण जळगावहून रात्री निघालेला बर्फाचा डबा सकाळी नाशिक-पुण्याला पोचतो. म्हणून दिवे बंद कराल त्या आठवड्यातच एखाद्या ब्रुअरला फोन करून तोडणीचा अंदाज कळवा. तो ज्या दिवशी बिअर लावणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी तोडा. नुसतं "माल आहे, घ्या" म्हणून चालणार नाही.

गोठ्यावर कुत्रा असेल तर फुलं आणि ब्रुअरीतून परत आणलेला हॉप्सचा चोथा त्याच्या तोंडी लागू देऊ नका. हॉप्सने कुत्र्याला जीवघेणा ताप चढतो. चोथा खड्ड्यात टाका आणि वर माती ओढा.