पहिला मराठी चित्रपट काढताना आधी हक्कांची फाइल लावा

ओटीटीवाला किंवा सॅटेलाइट (टीव्हीवर दाखवण्याचे) हक्क घेणारा चित्रपट बघायच्याही आधी ‘चेन ऑफ टायटल’ मागतो. म्हणजे कथेपासून शेवटच्या गाण्यापर्यंत प्रत्येक हक्क तुमच्याकडे कसा आला, याची सह्यांसकट कागदपत्रं. ही फाइल शूटिंगच्या आधी लावायची असते. नंतर सह्या गोळा करायला गेलात की प्रत्येक सहीचा भाव वाढलेला असतो.

सुरुवात लेखकापासून. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं. व्हॉट्सॲपवरचं ‘ओके दादा’ चालत नाही. करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आता हिशोब करा: कथा घेतली, पैसा जमवायला दोन वर्षं, शूटिंग आणि पोस्टला (नंतरचं संकलन, डबिंग वगैरे) दीड. प्रदर्शन होऊन ओटीटीची बोलणी सुरू होईपर्यंत मुदत संपत आलेली असते, आणि परदेशातल्या मराठी प्रेक्षकांसाठीचे हक्क तर तुमच्याकडे कधी आलेलेच नसतात. त्याहून फसवं कलम १९(४): घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर तो हक्क संपतो. नवख्या निर्मात्यांना हे हमखास माहीत नसतं. म्हणून मुदत, प्रदेश, माध्यमं आणि ‘वर्षभरात वापर न झाल्यास हक्क रद्द होणार नाहीत’ हे वाक्य, चारही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या.

कादंबरीवर चित्रपट करायचा असेल तर प्रकाशकाची परवानगी पुरेल असं धरू नका. चित्रपटाचे हक्क बऱ्याचदा लेखकाकडेच असतात. लेखक हयात नसेल तर मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो आणि सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. अमेरिकेतल्या एका मुलीची सही राहिली तरी फाइल अपुरीच.

गाण्यांचं गणित वेगळं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देताच येत नाही. करारात ‘सर्व हक्क कायमचे दिले’ लिहिलं तरी तेवढा भाग निरर्थक ठरतो. तेव्हा म्युझिक कंपनीला अख्खी रॉयल्टी देण्याचं कबूल करून बसू नका.

चित्रपटाच्या नावाची नोंदणी मराठी चित्रपट महामंडळात किंवा निर्मात्यांच्या संघटनेत करा, पण नुसत्या नावावर कॉपीराइट मिळत नाही.

आता पैसा. भागीदारी मोडते ती ‘नफा’ या शब्दावरून. समजा जीएसटी वजा जाता पहिल्या आठवड्याचा गल्ला १ कोटी आणि मल्टिप्लेक्सशी वाटणी ५० टक्क्यांची. हातात ५० लाख. वितरकाचं कमिशन १५ टक्के धरलं तर साडेसात लाख गेले. जाहिरात आणि प्रिंटचे (थिएटरांना पाठवायच्या प्रतींचे) ३० लाख वितरकाने घातले असतील तर ते तो आधी वळते करतो. उरले साडेबारा लाख. वर्तमानपत्रात मात्र १ कोटी छापून आलेलं असतं, आणि गुंतवणूकदार तेच कात्रण घेऊन दारात उभा राहतो! म्हणून करारातच उतरंड लिहा: आधी काय वजा होईल, मग मुद्दल कुणाला कोणत्या क्रमाने, आणि त्यानंतर वाटणी. घेतलेला पैसा कर्ज आहे की भागीदारी, हेही. कर्ज असेल तर चित्रपट पडला तरी फेडावं लागतं. फायनान्सर हमी म्हणून लॅब लेटर, म्हणजे चित्रपट जिथे तयार होतो त्या लॅबचं लेखी वचन, मागतो; पैसे चुकते होऊन फायनान्सरचं ना-हरकत पत्र आल्याशिवाय लॅब मास्टर (अंतिम मूळ प्रत) सोडत नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीची पळापळ बहुधा याचीच असते.

करारांवरची स्टॅम्प ड्युटी वेळेत भरा. ती न भरलेला कागद, ड्युटी आणि दंड भरेपर्यंत, कोर्ट पुरावा म्हणून घेत नाही.

राज्य सरकारचं अनुदान शूटिंगच्या बजेटमध्ये धरू नका. अर्जाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तो पैसा चित्रपट संपल्यावरचा. तो धरून उधारी केली, तर अनुदानातला बराच भाग व्याजातच जातो.