बारा बोअरची शॉटगन स्वसंरक्षणासाठी निवडताना आणि शिकताना

शॉटगनबद्दलचा सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे "नळी साधारण तिकडे वळवली की झालं, छर्रे पसरतातच." घराच्या आतलं अंतर बहुतेक वेळा पाच-सात मीटरचंच असतं. तेवढ्यात साध्या नळीतून सुटलेले बकशॉटचे (मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसाचे) छर्रे पसरलेल्या पंजाएवढ्या जागेत बसतात, आणि घट्ट फैलावाचं काडतूस असेल तर कागदावर जवळपास एकच फाटकं भोक दिसतं. म्हणजे नेम चुकला की सगळेच्या सगळे छर्रे चुकले, आणि ते पुढे कुठेतरी जाऊन बसणारच. बंदूक, काडतूस, दस्ता, वरची साधनं, सराव हे सगळं या एका गोष्टीच्या हिशोबाने ठरवायचं.

परवाना, नळीची किमान लांबी, मॅगझिनची मर्यादा आणि बंदूक घरात कशी ठेवायची याचे नियम जागोजागी वेगळे असतात. ते खरेदीच्या आधी वाचायचे, नंतर नाही.

बोअर आणि चेंबर

१२ बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे १८.५ मिमी, २० बोअरचा सुमारे १५.६ मिमी. स्वसंरक्षणाच्या काडतुसांची सगळ्यात जास्त विविधता १२ मध्ये मिळते. २० बोअर हलकी म्हणून सुचवली जाते, पण बंदूकही हलकी असल्यामुळे धक्का वाटतो तितका कमी होत नाही. अंगाला नीट बसणारी १२ बोअर आणि तिच्यात कमी धक्क्याची काडतुसं हा मार्ग बहुतेकांना जमतो.

नळीवर चेंबरची (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेची) लांबी कोरलेली असते: २¾ इंच (७० मिमी) किंवा ३ इंच (७६ मिमी). ३ इंची चेंबरमध्ये २¾ चं काडतूस चालतं, उलट चालत नाही. गंमत अशी की उलट घातलं तरी ते बरेचदा आत बसतं, कारण काडतुसावर छापलेली लांबी झाडल्यानंतर तोंड उघडलेल्या पुंगळीची (काडतुसाच्या कवचाची) असते. न झाडलेलं ३ इंची काडतूस त्याहून आखूड असतं. बार उडताना तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक चढतो. तितकीच वाईट चूक म्हणजे १२ बोअरमध्ये २० बोअरचं काडतूस जाणं. ते घरंगळत नळीत पुढे जाऊन अडकतं, मागून १२ चं काडतूस घालता येतं, आणि मग नळी फुटते. म्हणूनच २० बोअरच्या पुंगळ्या पिवळ्या करायची पद्धत आहे. दोन्ही बोअरची काडतुसं एका पिशवीत कधीच ठेवू नका.

पंप की सेमी-ऑटो

पंप बंदूक (नळीखालची मूठ, म्हणजे फोरएंड, मागेपुढे करून काडतूस बदलायची) कुठलंही काडतूस पचवते, कारण यंत्रणा तुमच्या हाताने चालते. तिचा दोषही तोच: ताणाखाली हात अर्धवट मागे येतो, पुंगळी बाहेर पडत नाही किंवा नवीन काडतूस वर येत नाही. रेमिंग्टन ८७० (१९५० पासून) आणि मॉसबर्ग ५०० व ५९० या घराण्यांचे सुटे भाग, दस्ते, स्प्रिंगा सहज मिळतात, आणि नवख्यासाठी ही सोय मोठी आहे. फरक सेफ्टीचा. मॉसबर्गची वर, अंगठ्याखाली असते, डावखुऱ्यालाही सोयीची. पण त्याच बंदुकीला पिस्तूल ग्रिपचा दस्ता लावला की अंगठा तिथपर्यंत पोचत नाही. रेमिंग्टनची ट्रिगरमागे आडवी असते, तिला ही अडचण नाही.

सेमी-ऑटोमध्ये (बार झाल्यावर पुढचं काडतूस आपोआप चढतं) गॅसवर चालणाऱ्या (बेरेटा १३०१, बेनेली एम४) धक्का बऱ्यापैकी शोषतात. इनर्शियावर, म्हणजे धक्क्याच्या झटक्यावर चालणाऱ्या (बेनेली एम२) स्वच्छ राहतात, पण त्यांना मागे झटका बसण्यासाठी खांद्याचा आधार आणि ठरावीक वजन लागतं. खांदा ढिला सोडला किंवा टॉर्च, काडतुसांची पट्टी, जड रेल असं वजन वाढवत नेलं तर हलक्या काडतुसावर त्या अडखळतात. कुठलीही सेमी-ऑटो घरात भरवशाने ठेवण्याआधी सगळी साधनं लावूनच निदान शंभर बार काढा, त्यातले पंचवीस तरी ठरवलेल्या बकशॉटचे.

दस्ता न ठेवता नुसत्या मुठीची आखूड बंदूक दिसायला आटोपशीर असते. नवख्याने घेऊ नये. गालाचा आणि खांद्याचा आधार गेला की नेमही जातो.

दस्त्याची लांबी

धक्का सहन होत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची बंदूक फक्त लांब असते. ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं माप बहुतेक बंदुकांवर १४ इंचांच्या (३५.५ सेंमी) आसपास येतं. ते मैदानावर आडवं उभं राहून उडत्या चकत्या टिपणाऱ्यांच्या हिशोबाचं आहे. समोर तोंड करून उभं राहायचं तर साधारण १२.५ ते १३ इंच (३२ ते ३३ सेंमी) बरं पडतं. तपासायचं असं: बंदूक रिकामी करा, खांद्याला लावा, गाल टेकवा. ट्रिगरकडच्या हाताचा अंगठा नाकापासून दोन-तीन बोटं लांब असावा, आणि पुढचा हात कोपरात थोडा वाकलेला. पुढचा हात सरळ ताठ होत असेल तर पंप पूर्ण मागेपुढे होणारच नाही. मॅगपुलच्या एसजीए दस्त्यात चकत्या घालून ही लांबी १२.५ ते १४.५ इंचांपर्यंत बदलता येते. पहिला जास्तीचा खर्च इथे करा, टॉर्चवर नंतर.

काडतूस आणि कागद

डबल-ऑट बकशॉटचा छर्रा ८.४ मिमी व्यासाचा, सुमारे साडेतीन ग्रॅमचा. नेहमीच्या २¾ इंची काडतुसात असे ८ किंवा ९ असतात. कमी धक्क्याचं काडतूस साधारण ३५० मीटर प्रति सेकंद वेगाने जातं, पूर्ण ताकदीचं ४०० च्या आसपास. घरातल्या अंतराला पहिलं पुरतं आणि दुसरा बार लवकर सावरतो. नऊ छर्ऱ्यांच्या काडतुसात एक छर्रा घोळका सोडून भलतीकडे जाण्याची खोड बऱ्याच बंदुकांत दिसते. आठवाल्यांत ती कमी असते, म्हणून आमचा कल आठकडे.

बर्डशॉट (आठ नंबरचा छर्रा सव्वादोन मिमीचा) सरावाला उत्तम आणि स्वस्त, संरक्षणाला अपुरा. तो भिंतीला सुरक्षित म्हणून घ्यावा, हाही सल्ला मिळतो. पण जवळून तोही पातळ पार्टिशन फोडतो. बकशॉट तर अशा अनेक भिंतींतून आरपार जातो. तेव्हा घरातल्या कुठल्या दिशेने गोळी अजिबात झाडायची नाही, कोण कुठे झोपतं, भिंतीपलीकडे काय आहे, हे बंदूक लोड न करता, दिवसाउजेडी फिरून ठरवून ठेवा.

मग कागद. याला पर्याय नाही, कारण एकाच कारखान्यातल्या दोन नळ्यासुद्धा तेच काडतूस वेगवेगळं पसरवतात. मोठे कोरे कागद घ्या, मध्ये ठळक ठिपका काढा. ५, ७, १०, १५ आणि २० मीटरवर प्रत्येकी तीन बार, प्रत्येक बाराला नवा कागद. कागदावर अंतर, काडतूस आणि चोक (नळीच्या तोंडाचं आकुंचन) लगेच लिहा. संध्याकाळी काहीही आठवत नाही. भोकं मोजा, सगळी सापडली का पाहा, सगळ्यांना कवेत घेणारं वर्तुळ आखा. २० ते २५ सेंटिमीटरच्या वर्तुळात सगळे छर्रे राहतात ते शेवटचं अंतर म्हणजे तुमच्या त्या जोडीची हद्द. त्यापुढे बकशॉट झाडायचा नाही. घोळक्याचा मध्य ठिपक्यापासून सरकलेला दिसला तर आधी गाल तपासा, मग माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण). मान उंचावून पाहणारा माणूस वर मारतो.

बंदुकीवर काय लावायचं

टॉर्च लागतेच, कारण काय दिसतंय हे ओळखल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही. पण बंदुकीवरची टॉर्च म्हणजे जिथे उजेड तिथे नळी. आवाज कसला हे पाहायला हातातली वेगळी टॉर्च ठेवा. स्वस्त टॉर्च धक्क्याने बॅटरीचा संपर्क तुटून विझतात, आणि हे दहा-वीस बारांतच कळतं; म्हणून मैदानावर ती चालू ठेवूनच झाडा.

जादा काडतुसांसाठी रिसीव्हरच्या (बंदुकीची यंत्रणा असते त्या मधल्या भागाच्या) बाजूला लावायची पट्टी चांगली. धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी लावताना स्क्रू करकचून आवळले की रिसीव्हर दाबला जातो आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) जड चालतो. पंप दोन-चारदा चालवत चालवत आवळा. वेल्क्रोची लवचिक पट्टी साधी, हलकी, सैल झाली की बदलता येते. सहा काडतुसं म्हणजे पाव किलोहून जास्त वजन, तेही एका बाजूला. त्यामुळे दोन्हीकडे पट्ट्या लावायचा मोह आवरा.

पट्टा मैदानावर हवाच, नाहीतर दोन्ही हात मोकळे करायचे तर बंदूक ठेवणार कुठे? घरात मात्र तो दाराच्या कड्यात, खुर्चीच्या हाताला अडकतो. गुंडाळून रबराने बांधून ठेवला तर दोन्ही साधतं. रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारं नेमाचं साधन) उपयोगी आहे, फक्त तो उंच बसला की गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. आधी साधी माशी वापरून गाल एकाच जागी बसायची सवय करा.

सराव

कानाला आणि डोळ्यांना संरक्षण पहिल्या बारापासून. शॉटगनचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, कानाला इजा त्याच्या बरीच आधी होते. झाडून झाल्यावर शिशामुळे हात साबणाने धुवायचे, मगच खायचं.

उभं राहताना वजन पुढच्या पायावर, दस्ता गळ्याच्या हाडाजवळ. पुढच्या हाताने फोरएंड पुढे ढकलायचा, मागच्या हाताने दस्ता खांद्यात ओढायचा, आणि हा ताण बार होईपर्यंत सोडायचा नाही. धक्क्याचा बराचसा भाग हातांतच विरतो. बार झाला की पंप लगेच, जोरात, शेवटपर्यंत मागे आणि शेवटपर्यंत पुढे. हळुवारपणे चालवलेला पंप अडकतो.

नवखे जिथे हमखास गोंधळतात ती जागा म्हणजे ॲक्शन रिलीजचं बटण. हॅमर (आतला घोडा) चढलेला असताना पंप कुलूपबंद असतो. बटण दाबल्याशिवाय तो मागे येत नाही. ८७० वर ते ट्रिगर गार्डच्या पुढे डावीकडे, मॉसबर्गवर मागे डावीकडे. डोळे मिटून बोट तिथे गेलं पाहिजे.

लोड करताना काडतूस अंगठ्याने ट्यूबमध्ये (नळीखालच्या मॅगझिनमध्ये) "टक" आवाज येईपर्यंत ढकलायचं. अर्धवट सोडलं तर ते परत सरकतं आणि लिफ्टरखाली (काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीखाली) अडकून बंदूक जाम होते. बंदूक पूर्ण रिकामी झाली तर बोल्ट मागे, एक काडतूस सरळ रिसीव्हरच्या बाजूच्या, पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीतून आत, पंप पुढे. मग सवडीने ट्यूब भरायची. सराव घरी डमी काडतुसांवर करा: वेगळ्या रंगाची, आणि त्या खोलीत एकही खरं काडतूस नाही. रोज दहा मिनिटं, महिन्यातून एकदा मैदान, एवढं पुरे. एका दिवसात शंभर बकशॉट झाडणाऱ्याला उरलेल्या आठवड्यात फक्त दचकायची सवय लागते. मैदानावर खऱ्या काडतुसांत डमी मध्येच मिसळून कोणाला तरी ट्यूब भरायला सांगा. नुसती "टिक" झाल्यावर नळीने खाली मारलेली डुबकी दचकण्याचं माप सांगते.

ट्रिगर दाबून काहीच झालं नाही तर मैदानावर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग उघडा. बार फुसका वाटला, धक्का जाणवलाच नाही, तर लगेच थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. वॅड (काडतुसात छर्रे आणि दारू यांच्यामधला बोळा) आत अडकलेला असेल आणि पुढचा बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते. पुंगळी चेंबरला चिकटत असेल तर दोष बरेचदा पोलादी बुडाच्या स्वस्त काडतुसांचा किंवा मळक्या चेंबरचा असतो. चेंबरचा वेगळा, जाड ब्रश येतो. नळीचा ब्रश तिथे पुरत नाही.

बहुतेक पंप बंदुकांची सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते. बंदूक पडली तर तिचा भरवसा नाही. म्हणून चेंबर रिकामं, आणि तिजोरी कुलूपबंद, घरात मुलं असोत वा नसोत. ट्यूबमध्ये महिनोन्‌महिने दाबून ठेवलेली प्लास्टिकची काडतुसं फुगून चपटतात, तर एकच काडतूस पुन्हापुन्हा चेंबरमध्ये घालून काढलं की तोंडाची घडी सैल होते. दोन-तीन महिन्यांनी ट्यूबमधली काडतुसं काढून बोटाने फिरवून पाहा. आकार बदललेली सरावालाही न वापरता बाजूला काढा, चांगली पण जुनी मैदानावर संपवा, आणि ट्यूब नव्याने भरा.