पाठ दुखते म्हणून क्वार्टर: अशा मित्राला मदत कशी करायची

कंबर, मान, गुडघा, नाहीतर जुन्या अपघातानंतर पायात राहिलेली कळ. दुखणं तीन महिन्यांच्या वर टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. त्यात रोज संध्याकाळची क्वार्टर. घरचे म्हणतात, दारूनेच सगळं झालंय. तो म्हणतो, दुखतं म्हणून घेतो. हा वाद मिटवायला जाऊ नका, दोघांचंही बरोबर असतं. दारू तास-दोन तास कळ खरोखर बोथट करते. पुढे ती उतरताना पहाटे झोप मोडते, आणि झोप न झालेल्या अंगाला तेच दुखणं दुप्पट वाटतं. शिवाय सवय मुरली की तेवढ्याच आरामासाठी जास्त ओतावी लागते.

खरी गोची अशी की हाडांच्या डॉक्टरला दारूचं सांगितलेलं नसतं आणि व्यसनाच्या डॉक्टरला दुखण्याच्या गोळ्यांचं. मित्र म्हणून तुमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे सगळे कागद एका फाईलमध्ये आणणं आणि ती फाईल दोन्ही डॉक्टरांसमोर उघडणं.

बोलायचं कधी आणि काय

प्यायलेला असताना नाही. सकाळी उठल्या उठल्याही नाही, तेव्हा हात थरथरत असतात आणि चिडचिड असते. सुट्टीच्या दिवशी अकराच्या सुमारास, घरच्यांशिवाय. ठाण्याच्या तलावपाळीला किंवा वाशीच्या मिनी सीशोअरला एक छोटी फेरी, मध्ये बाकावर बसायची सोय. सुरुवात दारूने करू नका, दुखण्याने करा: "रात्री किती वेळा जाग येते? घेतल्यावर किती वेळ बरं वाटतं? नंतर काय होतं?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला स्वतःला ऐकू येऊ द्या. "तुझं दुखणं मनाचं आहे" हे वाक्य चुकूनही नको. ते ऐकलं की माणूस दार लावून घेतो. पहिल्या भेटीत एवढंच मागा: "आठवडाभर वही लिहू, मग डॉक्टरकडे मी येतो सोबत."

वहीत काय लिहायचं

पाच रकाने: वेळ, किती मिली, दुखणं शून्य ते दहा, कोणती गोळी, किती तास झोप. "दोन पेग" लिहू नका. घरचा पेग म्हणजे ज्याचा हात तेवढा. रिकाम्या बाटल्या मोजा. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशोबाने साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि आपल्याकडे १० ग्रॅम म्हणजे एक प्रमाण पेय. म्हणजे एक क्वार्टर ही सहा पेयं झाली. आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर म्हणजे चार. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणारा तीन बाटल्यांत दोन क्वार्टर गाठतो. डॉक्टरसमोर हा आकडा ठेवला की बोलणं सरळ मुद्द्यावर येतं.

एकदम बंद करायला लावू नका

इथे भले भले मित्र चुकतात. गटारीला भरपूर आणि श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून शून्य, किंवा आईची शपथ घालून बाटली मोरीत ओतली. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती अचानक काढली तर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलट्या, धडधड सुरू होते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो: अंगावर किडे दिसतात, कोण कुठे आहे कळत नाही, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो. पाठीच्या ऑपरेशनसाठी भरती झालेल्या आणि दारूबद्दल गप्प राहिलेल्या रुग्णालाही तिसऱ्या दिवशी हेच होतं, आणि नातेवाईक भुलीच्या औषधाला दोष देतात.

सकाळी थरथर थांबवायला घ्यावी लागते का, आधी कधी फिट किंवा भ्रम झालाय का, हे दोन प्रश्न विचारा. एकालाही हो असेल तर दारू रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. भेटीची तारीख मिळेपर्यंतचा नियम: नेहमीपेक्षा जास्त नाही, आणि अचानक शून्यही नाही. गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून आणणं हा ठाण्या-कल्याणकडचा आवडता उपाय, पण पिणाऱ्याच्या अंगात ब १ जीवनसत्त्व आधीच कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. "आधी थायमिन, म्हणजे ब १, दिलं का?" हे विचारायला लाजू नका.

गोळ्यांची पिशवी उलटी करा

घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर ओता. मेडिकलवाल्याने दिलेल्या, शेजारच्या काकांनी दिलेल्या, सगळ्या. प्रत्येकीच्या मागे लिहिलेले घटक वाचा, वरचं नाव नव्हे.

पॅरासिटामॉल: रोज पिणाऱ्याच्या यकृतासाठी बहुतेक डॉक्टर दिवसाला दोन ग्रॅमची मर्यादा घालतात, म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या फार तर तीन. यकृत आधीच बिघडलेलं असेल तर तेवढ्याही डॉक्टरला विचारून. फसगत होते ती जोडगोळ्यांत. पाठीसाठीच्या बऱ्याच गोळ्यांत असेक्लोफिनॅकसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, सर्दीच्या गोळीतही असतं, आणि कुणी बेरीज करत नाही.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफिनॅक: दारूसोबत जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, मूत्रपिंडावरही ताण येतो. डांबरासारखी काळी शौच झाली की थेट रुग्णालय.

ट्रामाडॉल: दारूबरोबर श्वास मंदावतो, फिटचा धोकाही वाढतो. प्रेगाबालिन, गॅबापेंटिन आणि झोपेच्या गोळ्यांबरोबरही श्वास मंदावतो, दोन गुंगी एकमेकींवर चढतात. पण रोज चालू असलेली यातली एकही गोळी तुम्ही स्वतः तोडू नका. अचानक बंद केल्याने वेगळाच त्रास होतो. नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं ड्युलोक्सेटिन भरपूर पिणाऱ्याला सहसा देत नाहीत, यकृतामुळे. तेही डॉक्टरला दाखवा.

आता उलट बाजू. दारूची ओढ कमी करणारं नॅल्ट्रेक्सोन सुरू करायचं असेल तर ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय गोळी साधारण सात ते दहा दिवस आधी थांबलेली असावी लागते. नाहीतर त्याच संध्याकाळी अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, आणि नंतर ट्रामाडॉल घेऊनही उपयोग होत नाही. एकच फाईल हवी म्हणतो ती याचसाठी. दारू सोडवायला दिलं जाणारं डायसल्फिराम तर न सांगता भाजीत कालवून देऊच नये. वर दारू पडली की चेहरा लाल होतो, रक्तदाब कोसळतो, हृदयावर बेततं. "नकळत दारू सोडवा" असं छापलेली पावडर विकत घेऊ नका, आत काय आहे ते विकणाराच जाणे.

दुखण्याचा तपास अर्धवट सोडू नका

"पितो ना, मग दुखणारच" म्हणून पुढची तपासणी टाळली जाते. मांडीच्या सांध्यात, जांघेत कळ असेल तर मुद्दाम विचारा: दारूने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकतं. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, एमआरआयमध्ये कळतं. तळपायाची आग होत असेल तर नसांवर झालेला दारूचा परिणाम असू शकतो, आणि तिथे दारू सोडणं हाच उपचाराचा मोठा भाग. पाठदुखीसोबत लघवी अडली किंवा सुटली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

कुठे जायचं

हाडांचा आणि मानसोपचाराचा विभाग एकाच आवारात असेल असं ठिकाण निवडा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नेरूळचं डी. वाय. पाटील, दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणून ते सोयीचं पडतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. नावाला घाबरणाऱ्या मित्राला सांगा की तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून घरीही येता येतं. समुपदेशनासाठी ठाण्यात आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून काम करते. फोनवर बोलायचं असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन टेलिमानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. ए.ए. (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस), म्हणजे दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, त्यांच्या सभांना फी नसते. घरच्यांसाठी अल-अनॉन हा तसाच वेगळा गट आहे, वहिनींना किंवा काकूंना तिकडचा रस्ता दाखवा.

"माणूस घरून उचलून नेतो" अशी जाहिरात करणाऱ्या केंद्राला नोंदणीचा कागद मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात आणि संमती व भरतीचे नियम ठरलेले आहेत. त्याच कायद्यातली एक कामाची गोष्ट: तो शुद्धीत असताना साध्या कागदावर सही करून तुम्हाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचाराच्या निर्णयांत मदत करणारा माणूस) नेमू शकतो. नातेवाईकच असायला हवं असं नाही. तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

सोडल्यानंतरचे पहिले आठवडे

आधीच सांगून ठेवा: सुरुवातीला दुखणं वाढल्यासारखं वाटेल आणि झोप नीट लागणार नाही. हे माहीत नसलं की दहाव्या दिवशी तो म्हणतो, "बघ, दारूच बरी होती." फिजिओथेरपीचे पैसे हातात देऊ नका, तिथेच भरा. चालणं घड्याळावर: आज दहा मिनिटांत कळ येत असेल तर सात मिनिटांवर थांबायचं, दुखलं नाही तरी, आणि दर आठवड्याला मिनिटभर वाढवायचं. बरं वाटलं त्या दिवशी गणपतीची आरास एकट्याने उचलली की पुढचे चार दिवस अंथरूण ठरलेलं, आणि पाचव्या दिवशी वाईन शॉप.

संध्याकाळी सात ते नऊ ही घातवेळ. आधी जेवण, पोटभर. स्टेशनवरून घरी येताना दुकान लागत असेल तर दुसऱ्या बाजूने बाहेर पडा, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून शेअर रिक्षापेक्षा बस कमरेला सोसते. उधार पैसे नाहीत, ऑफिसात खोटं कारण सांगायचं नाही. पण डबा पोचवायला आणि सोबत बसायला नाही म्हणू नका.

पुन्हा प्यायला तर त्या रात्री भाषण नको. काय घेतलं, किती, कोणत्या गोळ्यांवर, एवढंच विचारा. डायसल्फिराम चालू असेल किंवा हाक मारून उठत नसेल तर १०८. गाडी येईपर्यंत डाव्या कुशीवर, वरचा गुडघा वाकवून, तोंड जमिनीकडे. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची बादली, काही नाही. श्वास मोजत शेजारी बसा आणि फाईल हातात ठेवा.