जुराची नॅचरल वाईन उघडताय? या चुका टाळा

फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर जुराचा डोंगरपट्टा आहे आणि त्याच्या पश्चिमेकडच्या उतारावर, साधारण 250 ते 400 मीटर उंचीवर, तिथले द्राक्षमळे आहेत. सगळे मिळून जेमतेम 2,000 हेक्टरच्या आसपास. पण प्युपियाँ गावच्या वाईनमेकर पिएर ओव्हर्न्वा यांनी सल्फर (वाईन टिकावी म्हणून घालतात ते) न घालता वाईन करून दाखवली आणि आज नॅचरल वाईनची, म्हणजे बाहेरून जवळजवळ काहीच न घालता केलेल्या वाईनची, आवड असलेला प्रत्येक जण जुराची बाटली शोधत असतो. बाटली मिळते, एक घोट घेतला जातो आणि "खराब निघाली" म्हणून सरळ सिंकमध्ये. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा बाटलीत काहीच बिघडलेलं नसतं.

सगळ्यात जास्त अन्याय होतो पूलसारवर. हे तिथलंच लाल द्राक्ष, प्युपियाँत त्याला प्लूसार म्हणतात. साल इतकी पातळ की वाईनला रंग फारसा येतच नाही, त्यामुळे ग्लासात फिकट, जवळजवळ रोझे (गुलाबी वाईन) दिसते आणि लोकांना वाटतं पाणी मिसळलंय की काय. त्यात हे द्राक्ष रिडक्टिव्ह, म्हणजे हवा कमी मिळाली की उकडलेल्या अंड्यासारखा किंवा नुकत्याच विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास धरतं. माझी पहिली पूलसार अशीच निघाली होती, जिभेला बारीक बुडबुडेही लागत होते, मीपण ती ओतूनच देणार होतो पण कंटाळा केला आणि बूच लावून तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्लासात घेतली तर अंड्याचा मागमूस नाही, नुसता रानटी स्ट्रॉबेरीचा आणि ओल्या मातीचा वास, आणि ते बुडबुडेही गेलेले. नंतर कळलं की तो कार्बन डायऑक्साइड बरेच वाईनमेकर मुद्दाम ठेवतात, सल्फर नसताना वाईनला हवेपासून तेवढंच संरक्षण. त्यामुळे असा वास आला तर जगमध्ये ओता, जोरात फिरवा, तासभर थांबा. तरीही नाही गेला तर उद्या बघा.

दुसरी चूक पांढऱ्या वाईनची, आणि ही खरं तर विकत घेतानाच होते. सावान्याँ हे जुराचं खास पांढरं द्राक्ष, पण त्याच्या वाईन दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या येतात. 'उइये' म्हणजे पिंप सतत काठोकाठ भरत ठेवलेलं, वाईन ताजी, लिंबासारखी आंबट. 'सू व्ह्वाल' म्हणजे पिंप न भरता सोडलेलं, वाईन उडून कमी होत जाते आणि वर यीस्टची पातळ साय धरते. त्या सायीखाली सोटोलॉन नावाचा घटक तयार होतो, अक्रोड आणि मेथीदाण्याचा जो वास येतो तो त्याचाच (मेथीतही तोच असतो!). ताज्या वाईनची अपेक्षा ठेवून हा घोट घेतला तर ऑक्सिडाइज झाली, म्हणजे हवा लागून बिघडली, असंच वाटणार, म्हणून घेण्याआधी विचारा, यातली कुठली आहे.

लेबलवर 'सल्फाइट्स आहेत' दिसलं की बरेच जण म्हणतात ही नॅचरल नाहीच. तसं नसतं. लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं की युरोपात ते छापावंच लागतं आणि थोडं सल्फाइट तर यीस्ट स्वतःच बनवतं. फ्रान्समध्ये 2020 पासून 'व्हँ मेतोद नात्यूर' असा शिक्का आहे, त्यात एक बिनासल्फाइटचा आणि एक लिटरला 30 मिलिग्रॅमपेक्षा कमीचा, तो बघून घ्या.

आता खरा दोष. घोट गिळल्यावर चार-पाच सेकंदांनी तोंडात उंदराच्या पिंजऱ्यासारखी किंवा शिळ्या पॉपकॉर्नसारखी चव आली तर तो माउस. नाकाला तो सहसा कळत नाही कारण वाईन आंबट असते, लाळेने आंबटपणा कमी झाला की तो उघड होतो. काही लोकांना तर तो जाणवतच नाही, त्यामुळे शेजारचा म्हणाला मस्त आहे तर तो खोटं बोलत नसतो. हवा देऊन हा जात नाही, उलट वाढतो. न उघडलेल्या बाटल्या उरल्या असतील तर काही महिने ठेवून बघा, कधीकधी बाटलीतच निवळतो. नाहीतर दुकानदाराला स्पष्ट सांगा.

ठेवताना 14 अंशांच्या वर जाऊ देऊ नका, बिनासल्फरच्या बाटलीला उष्णता अजिबात सोसत नाही. आणि पाहुण्यांना देताना आपण सवयीने पांढरी आधी देतो ना, जुरात उलटं चालतं: हलकी पूलसार, मग थोडी दणकट त्रूसो (तिथलंच दुसरं लाल द्राक्ष), आणि सावान्याँ त्यानंतर. आधी सू व्ह्वाल प्यायलात तर पूलसारची चवच लागणार नाही.

व्हँ झोन मिळालीच (सावान्याँची सू व्ह्वाल पद्धतीची पिवळसर वाईन, 62 सेंटिलिटरची बुटकी बाटली, किमान 6 वर्षं 3 महिने थांबून बाहेर येते) तर फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका. काही तास आधी उघडा, 15 अंशांच्या आसपास प्या, आणि एका बैठकीत संपवायची घाई नको, बूच लावून ठेवली तर ती दोन-तीन आठवडे आरामात टिकते.