माशांसाठी कोणती संस्था नक्की काय करते हे शोधायचं कसं

मासेमारी आणि पाण्यातल्या जीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांची यादी करायला बसलात तर अर्ध्या तासात डोकं गरगरतं, कारण सगळ्यांची नावं चार-पाच अक्षरी शॉर्टफॉर्म, सगळ्यांच्या वेबसाइटवर तेच निळं पाणी आणि तेच कासव, आणि सगळेच म्हणतात आम्ही समुद्र वाचवतो. म्हणून यादीच्या नादी लागूच नका. आधी एक मासा ठरवा, तो कुठल्या पाण्यात राहतो ते बघा, आणि मग एकच प्रश्न धरून बसा, या माशाबद्दल शेवटचा शब्द कोणाचा?

किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंत मासे कोणी किती धरायचे हे त्या त्या देशाचं सरकार ठरवतं, 1982 च्या सागरी कायदा कराराने तो हक्क दिलाय. तुमचा मासा तेवढ्याच पट्ट्यात राहत असेल तर सरळ त्या देशाच्या मत्स्य खात्याकडे जा, काम सोपं. पण ट्यूनासारखा मासा कुठे हद्द बघून पोहतो? अशा माशांसाठी अनेक देशांनी मिळून केलेल्या प्रादेशिक संघटना आहेत, त्यांना आरएफएमओ म्हणतात. नुसत्या ट्यूनासाठीच पाच आहेत, त्यातली अटलांटिकची आयकॅट आणि हिंदी महासागराची आयओटीसी ही नावं सारखी कानावर येतील. अंटार्क्टिकाभोवतीच्या पाण्यासाठी 1982 पासून कॅमलर नावाची अशीच अनेक देशांची संस्था आहे, आणि तिथे एका माशाचा वेगळा विचार न करता क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव), ते खाणारे पेंग्विन, व्हेल असा सगळाच हिशोब धरला जातो, मला तरी हा प्रकार बाकीच्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

गोड्या पाण्याला लोक विसरतात. अमेरिका आणि कॅनडाच्या ग्रेट लेक्स फिशरी कमिशनने 1950 च्या दशकापासून सी लॅम्प्रे नावाच्या रक्त शोषणाऱ्या घुसखोराला आवरलंय, नाहीतर तिथल्या लेक ट्राउटचं काही खरं नव्हतं. उलट आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीसाठीच्या 1995 च्या मेकाँग रिव्हर कमिशनमध्ये चार देश सभासद आहेत पण नदीच्या वरच्या अंगाचे चीन आणि म्यानमार पूर्ण सभासद नाहीत, म्हणजे वर धरण बांधलं तर खालचे फक्त बोलू शकतात. तेव्हा संस्था कुठलीही असो, सभासदांची यादी उघडा आणि त्यात कोण नाही ते आधी बघा.

आता संस्थेकडे नेमकी ताकद कसली आहे ते तपासा, गोंधळ होतो तो इथेच. 1902 पासून चालू असलेली आयसीईएस ही समुद्रविज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था ईशान्य अटलांटिकमधल्या माशांच्या साठ्यांवर, म्हणजे पाण्यात मासे किती उरलेत यावर, उत्तम सल्ला देते, पण नियम करत नाही. एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, आकडेवारी गोळा करते, तिची 1995 ची जबाबदार मासेमारीची आचारसंहिता ऐच्छिक आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे कुठला जीव किती धोक्यात आहे त्या यादीत, मासा धोक्यात दिसला म्हणून त्याची मासेमारी आपोआप थांबत नाही, ती यादी म्हणजे कायदा नव्हे. धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आणणारा साइट्स नावाचा करार वेगळा, त्याच्या परिशिष्टात नाव आलं की निर्यातीला खरंच कागद लागतात. दुकानातल्या माशांच्या पाकिटावर दिसणारे शिक्के देणाऱ्या दोन संस्था आहेत, एमएससीचा निळा शिक्का समुद्रातून धरलेल्या माशांसाठी आणि एएससीचा मत्स्यशेतीतल्या माशांसाठी, दोन्ही ऐच्छिक. एमएससी 1997 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गसंवर्धन संस्था आणि युनिलिव्हर कंपनीने मिळून सुरू केली, नंतर ती स्वतंत्र झाली, आणि आज तिची बहुतेक कमाई शिक्का वापरायच्या फीमधून येते. म्हणून शिक्का खोटाच असं नाही, पण पैसा कुठून येतो हे प्रत्येक संस्थेचं बघायचंच, वार्षिक अहवालात शेवटी शेवटी लपलेलं असतं.

सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे शास्त्रज्ञांनी सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्ष मंजूर झालेला कोटा शेजारी शेजारी लिहायचे. आयकॅटचंच घ्या, पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातल्या ब्लूफिन ट्यूनासाठी तिच्याच शास्त्रज्ञांनी साधारण 15,000 टनांच्या आत राहा म्हटलं होतं आणि 2007 साठी कोटा ठरला 29,500 टन! मग जगभर बोंब झाली, 2010 साठी तो 13,500 वर आला, साठा सावरला, आणि 2021 मध्ये रेड लिस्टने हा मासा धोक्यातल्या गटातून काढून सगळ्यात कमी चिंतेच्या गटात टाकला. पण तिथेही बारीक वाचा, तो शेरा सगळ्या जातीला मिळून आहे, पश्चिम अटलांटिकमधला साठा 1970 च्या दशकाच्या तुलनेत अजून निम्म्याहूनही कमी आहे. हे सगळं बैठकांच्या अहवालांत मिळतं, प्रेस नोटमध्ये नाही. अहवाल वाचताना निर्णय मतदानाने होतो की सर्वसहमतीने ते बघा, सहमतीत एकजण अडला की सगळं अडतं, आणि आक्षेप नोंदवून नियमातून बाहेर राहायची सोय आहे का तेही बघा. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाची व्यापारी शिकारबंदी 1986 मध्ये सुरू झाली तरी नॉर्वे आक्षेपाच्या जोरावर अजून शिकार करतो.

नियम पाळले जातात का हे बघायला ग्लोबल फिशिंग वॉचचा नकाशा फुकट आहे, जहाजं कुठे जाळी टाकतायत ते एआयएस सिग्नलवरून, म्हणजे जहाज आपली जागा कळवत राहतं त्या सिग्नलवरून, दिसतं. पण ही यंत्रं मुख्यतः मोठ्या जहाजांवर असतात आणि बंदही करता येतात, त्यामुळे नकाशावर काही दिसलं नाही म्हणजे मासेमारी झाली नाही असं धरू नका. बंदरावर काय होतं त्यासाठी 2016 पासून लागू असलेला पोर्ट स्टेट मेझर्स करार आहे, बेकायदा धरलेला मासा बंदरातच अडवण्यासाठीचा, तुमच्या माशाचा माल ज्या देशात उतरतो तो देश त्यात आहे का ते एफएओच्या यादीत सापडेल.

स्वयंसेवक म्हणून किंवा नोकरीसाठी जायचं असेल तर आरएफएमओच्या बैठकांना निरीक्षक म्हणून कुठल्या संस्था बसतात ती यादी काढा, सहसा अहवालाच्या परिशिष्टात असते, त्यात वर्षानुवर्षं दिसणारी नावं खरी कामाची. आणि कुठलाही आकडा उचलताना साल दोनदा बघा, एफएओच्या 2024 च्या अहवालात 37.7 टक्के साठे अतिमासेमारीचे म्हटलेत पण ती स्थिती 2021 ची आहे, तेव्हा लिहिताना दोन्ही सालं लिहा.